आर्नहेमचा पूल : हातातून निसटलेले तास

१७ सप्टेंबर १९४४, रविवारची दुपार. हॉलंडच्या शेतांवर छत्र्यांनी आणि ग्लायडरांनी सुमारे २०,००० सैनिक उतरत होते. एवढी मोठी हवाई स्वारी जगाने तोवर पाहिली नव्हती. तिचे नाव ‘मार्केट गार्डन’ आणि तिचे शेवटचे टोक म्हणजे ऱ्हाइन नदीवरचा आर्नहेमचा पूल. तो हाती आला की जर्मनीचे दार उघडेल आणि नाताळपर्यंत युद्ध संपेल, अशी आशा होती. नऊ दिवसांनी हिशेब मांडला, तेव्हा ऱ्हाइनच्या उत्तर तीरावर लढलेल्या १०,००० हून अधिक माणसांपैकी सुमारे २,४०० परत आली होती.

हे सैनिक शौर्यात कुठेही कमी पडले नाहीत. कमी पडले ते त्यांचे सेनापती, आणि तेही एकमेकांचे ऐकून घेण्यात. म्हणून या घटनाक्रमाची सुरुवात पहिली गोळी सुटण्याच्या सात दिवस आधी करावी लागते.

रविवार, १० सप्टेंबर, दुपार : ब्रुसेल्सचा विमानतळ

दोस्त राष्ट्रांचे मुख्य सेनापती आयझेनहॉवर यांचा गुडघा दुखावला होता. विमानातून उतरणेही जमत नव्हते. म्हणून फील्ड मार्शल मॉन्टगोमेरीच विमानात चढून आले. उत्तर फ्रान्समधल्या दोस्त राष्ट्रांच्या भूदलाची सूत्रे ऑगस्टअखेरपर्यंत त्यांच्या हाती होती. १ सप्टेंबरला ती आयझेनहॉवर यांनी स्वतःकडे घेतली. त्याच दिवशी मॉन्टगोमेरींना बढती मिळाली खरी, पण अधिकार गेल्याचे शल्य त्यांनी कधी लपवले नाही. एल अलामिनचा हा विजेता आपल्या सैनिकांचा लाडका होता, आणि बरोबरीच्या सेनापतींना तेवढाच नकोसा.

विमानात त्यांनी वरिष्ठांच्या आदेशांवर असे काही तोंड सोडले की आयझेनहॉवर यांनी अखेर त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “सबुरीनं घ्या, मॉन्टी. माझ्याशी असं बोलता येणार नाही. मी तुमचा वरिष्ठ आहे.” मॉन्टगोमेरी वरमले, त्यांनी माफी मागितली. मग मूळ विषय निघाला. दोस्तांचे सगळे इंधन आणि रसद एकाच उत्तरेकडच्या मुसंडीला द्यावी, अशी त्यांची मागणी होती. दक्षिणेत पॅटन यांचे अमेरिकन सैन्यही तेच इंधन मागत होते. आयझेनहॉवर यांनी बर्लिनपर्यंतच्या धडकेला नकार दिला. मात्र ऱ्हाइन ओलांडण्यापुरत्या मोहिमेला होकार दिला. दोनच दिवसांपूर्वी लंडनवर पहिले व्ही-२ अग्निबाण पडले होते आणि ते हॉलंडमधून सुटत होते, हेही त्या होकारामागचे एक कारण होते.

त्या दिवशी एक काम मागे पडले. अँटवर्पचे बंदर ४ सप्टेंबरला जवळपास धडधाकट हाती आले होते, पण समुद्राकडे जाणाऱ्या शेल्ट नदीच्या मुखाचे दोन्ही काठ जर्मनांकडेच होते. ते मोकळे होईपर्यंत एकही जहाज आत येऊ शकत नव्हते आणि रसद लांब नॉर्मंडीहून ट्रकांनी येत होती. त्या बंदरात पहिला ताफा लागायला नोव्हेंबरची २८ तारीख उजाडली. शेल्टकडे दुर्लक्ष ही आपली चूक होती, हे मॉन्टगोमेरींनी पुढे कबूल केले.

रविवार, १० सप्टेंबर, संध्याकाळ : इंग्लंड, योजनेची बैठक

योजना कागदावर देखणी होती. अमेरिकेची १०१ वी डिव्हिजन आइंडहोवनच्या भागातले पूल घेईल, ८२ वी डिव्हिजन ग्राव्ह आणि नायमेगेनचे, आणि ब्रिटिशांची पहिली हवाई डिव्हिजन आर्नहेमचा. खालून हॉरॉक्स यांचे ३० वे कोअर, रणगाड्यांसह, सुमारे १०० किलोमीटर धावून दोन-तीन दिवसांत आर्नहेम गाठेल. रस्ता मात्र एकच. माळेचा एक मणी निसटला की सगळी माळ ओघळणार, अशी ही रचना होती.

तयारीला मिळाले सात दिवस. सगळे सैन्य एका खेपेत नेण्याइतकी विमाने नव्हती. ब्रिटिश हवाई दलाचे अधिकारी पहिल्या दिवशी दोन खेपा करायला राजी होते. अमेरिकन विमानवाहतुकीचे प्रमुख म्हणाले, वैमानिक थकतील, दुरुस्तीला वेळ मिळणार नाही. दिवसाला एकच खेप. हवाई सेनेचे प्रमुख ब्रेरेटन यांनी त्यांची बाजू उचलून धरली. म्हणजे डिव्हिजन तीन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी उतरणार. शिवाय पुलाच्या दक्षिणेची पाणथळ जमीन ग्लायडरांना धोक्याची आणि आसपास विमानविरोधी तोफा, म्हणून उतरण्याची जागा ठरली पुलापासून १० ते १३ किलोमीटरवर. अचानक हल्ल्याचा सगळा फायदा त्या अंतरातच विरणार होता.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा : ‘पण जर्मनांचं काय?’

हा प्रश्न उघड विचारला एका पोलिश जनरलने. स्टॅनिस्लाव सोसाबोव्स्की, वय ५२. १९३९ मध्ये वॉर्साच्या बचावात लढलेले. त्यांची छत्रीसैनिकांची ब्रिगेड स्कॉटलंडमध्ये उभी राहिली ती एकाच हेतूने : वेळ आली की मायदेशी उतरायचे. १ ऑगस्टला वॉर्सात उठाव पेटला, तेव्हा ब्रिगेड इंग्लंडमध्येच होती, ब्रिटिशांच्या हुकमाखाली. स्वतःचे शहर जळत असताना त्यांना हॉलंडला जायचे होते. सोसाबोव्स्कींचा मुलगा त्या उठावात लढत होता.

मार्केट गार्डनच्या आधी ‘कॉमेट’ नावाची याहून लहान योजना आखली गेली होती. तिच्या बैठकीत ब्रिटिश अधिकारी आखणी समजावत असताना सोसाबोव्स्की मध्येच उद्गारले, “पण जर्मनांचं काय, जनरल? जर्मनांचं काय?” शत्रू आपल्या सोयीने वागेल हे गृहीत धरलेय, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी हवाई कोअरचे प्रमुख ब्राउनिंग यांच्याकडे लेखी आदेश मागितला. उद्या अनर्थ झाला तर जबाबदारी कुणाची, हे कागदावर असावे म्हणून. ब्राउनिंग यांना हा माणूस तेव्हापासून अडेलतट्टू वाटू लागला. नव्या योजनेत पोलिश छत्रीसैनिकांना तिसऱ्या दिवशी पुलाच्या दक्षिणेलाच उतरायचे होते. पहिल्या दिवशी धोक्याची ठरलेली जागा तिसऱ्या दिवशी चालणार होती, कारण तोवर तोफा गप्प झालेल्या असतील असा भरवसा होता.

शुक्रवार, १५ सप्टेंबर : ४८ तास आधी

ब्राउनिंग यांच्या कचेरीत हेरखात्याचे प्रमुख होते २५ वर्षांचे मेजर ब्रायन अर्कहार्ट. डच भूमिगतांकडून खबर आली होती : ९ वी आणि १० वी एसएस पँझर डिव्हिजन आर्नहेमच्या आसपास सावरण्यासाठी थांबल्या आहेत. अर्कहार्ट यांनी विमानातून छायाचित्रे काढवून घेतली. झाडांच्या आडोशाला रणगाडे दिसत होते. ती पुरावा म्हणून ब्राउनिंग यांच्यासमोर ठेवली, तर त्यांनी ती बाजूला सारली. त्या छायाचित्रांतले रणगाडे एका प्रशिक्षण तुकडीचे जुने होते, असे पुढच्या संशोधनात दिसले. पण दोन पँझर डिव्हिजनांची मूळ खबर खरीच होती. थोड्याच वेळात लष्करी डॉक्टर आले आणि या तरुण मेजरला थकव्याच्या नावाखाली सक्तीच्या रजेवर पाठवले गेले.

आयझेनहॉवर यांचे चीफ ऑफ स्टाफ बेडेल स्मिथ हेही याच खबरीने अस्वस्थ होऊन मॉन्टगोमेरींना भेटले. उतरणारे बळ वाढवा, असे त्यांचे म्हणणे होते. मॉन्टगोमेरींनी ते उडवून लावले. मुख्य सेनापतीला आदेश देऊन मोहीम रोखता आली असती. आयझेनहॉवर यांनी तो दिला नाही.

रविवार, १७ सप्टेंबर, दुपारी १ : ताबा घेण्याचे तास सुरू

आर्नहेमच्या पश्चिमेला ग्लायडर टेकू लागले. उतरण्याचे काम इतके सुरळीत झाले की कवायतच वाटावी. तिथून काही किलोमीटरवर, ऊस्टरबेकच्या टाफेलबर्ग हॉटेलात जर्मन फील्ड मार्शल मॉडेल जेवायच्या तयारीत होते. आपल्यालाच पकडायला माणसे आली, अशा समजुतीने ते गाडीत बसून निसटले आणि थेट पँझर कोअरचे प्रमुख बिट्रिच यांच्याकडे पोहोचले. त्यामुळे जर्मनांचे हुकूम पहिल्याच तासांत सुटू लागले.

दुपारी २:३५. शंभर किलोमीटर दक्षिणेला आयरिश गार्ड्सचे रणगाडे बेल्जियमची सीमा ओलांडून निघाले. काही मिनिटांत नऊ रणगाडे पेटले. रस्ता अरुंद, बाजूला उतरायला जागा नाही.

दुपार उलटताना सोनच्या कालव्यावरचा पूल अमेरिकन छत्रीसैनिक जवळ पोहोचत असतानाच उडवला गेला. माळेचा पहिला मणी निसटला. नायमेगेनजवळ ब्राउनिंग स्वतः उतरले. त्यांच्या मुख्यालयासाठी ३८ ग्लायडर खर्ची पडले होते. आर्नहेमला तेवढेच सैनिक जास्त गेले असते. उतरल्यावर त्या मुख्यालयाच्या बिनतारी यंत्रांना आर्नहेम लागेचना. ब्राउनिंग यांच्या हुकमानुसार गॅव्हिन यांच्या ८२ व्या डिव्हिजनने आधी ग्रूसबेकची टेकडी धरली. नायमेगेनच्या महत्त्वाच्या पुलाकडे पुरेसे बळ वेळेत वळलेच नाही.

रविवार, १७ सप्टेंबर, रात्री ८ : आर्नहेमचा पूल

ब्रिटिश बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल जॉन फ्रॉस्ट शिकारीचा तांब्याचा कर्णा जवळ बाळगत; तो फुंकून त्यांनी आपली माणसे गोळा केली होती. वाटेत डच कुटुंबे फळे, दूध, फुले घेऊन रस्त्यावर आली. रेल्वेपूल त्यांच्या डोळ्यांदेखत उडाला. तरी अंधार पडता पडता ते मोठ्या पुलाच्या उत्तर टोकाला पोहोचले. रात्रीतून तिथे सुमारे ७४० माणसे जमली. बाकीच्या दोन बटालियन शहराच्या वेशीवरच अडवल्या गेल्या.

डच भूमिगतांनी पुढे केलेला मदतीचा हात ब्रिटिशांनी नीट धरला नाही. त्यांच्या जाळ्यात जर्मन हेर शिरल्याचा जुना संशय होता. बिनतारी यंत्रे मुकी झाली असताना भूमिगतांची टेलिफोन व्यवस्था मात्र चालू होती.

सोमवार, १८ सप्टेंबर, सकाळी ९ च्या सुमारास

दक्षिणेकडून जर्मन अधिकारी ग्रेबनर यांच्या चिलखती गाड्या भरधाव पुलावर चढल्या. फ्रॉस्ट यांच्या माणसांनी त्यांना मधोमध येऊ दिले आणि मग घरांच्या खिडक्यांमधून मारा सुरू केला. दोन तासांनी पुलावर बाराएक गाड्यांचे जळते सांगाडे पडले होते. ग्रेबनरही मारले गेले.

पण वेळ जर्मनांच्या बाजूने होता. इंग्लंडमध्ये धुके पडले आणि सकाळची दुसरी खेप दुपार टळताना पोहोचली. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल रॉय अर्कहार्ट पुढच्या तुकड्यांना गाठायला गेले आणि जर्मनांनी वेढलेल्या एका घराच्या पोटमाळ्यावर अडकले. ते बेपत्ता असताना सूत्रे कुणी घ्यायची, हे त्यांनी एकाला सांगितले होते, सगळ्यांना नाही. त्या रात्री हार्टेनस्टाइन हॉटेलात ब्रिगेडियर हिक्स आणि सेवाज्येष्ठ हॅकेट यांच्यात त्यावरून जुंपली. पुलावरची माणसे एकेक गोळी मोजत असताना, मागे हुकूम कुणाचा यावर वाद चालला होता.

मंगळवार, १९ सप्टेंबर

पहाटे ६:१५ ला सोनला उडवलेल्या पुलाच्या जागी तात्पुरता बेली पूल तयार झाला. रणगाडे धावले, सकाळी साडेआठच्या सुमारास ग्राव्हला पोहोचले. पण नायमेगेनचा पूल अजून जर्मनांकडे होता. आर्नहेममध्ये चार बटालियनांनी पुलाकडे जाण्यासाठी निकराचा हल्ला केला आणि त्या जवळपास संपल्या.

दुपारी रसदीची विमाने आली. ती ज्या मैदानावर पेट्या टाकणार होती, ते आता जर्मनांच्या ताब्यात होते आणि ही बातमी इंग्लंडला पोहोचलेली नव्हती. फ्लाइट लेफ्टनंट डेव्हिड लॉर्ड बालपणी लखनऊच्या शाळेत शिकलेले. त्यांच्या डकोटाचा पंख पेटला. तरी त्यांनी ठरल्या जागेवरून पूर्ण फेरी मारली आणि दोन पेट्या राहिल्या म्हणून पुन्हा वळून दुसरी फेरी मारली. मग पंख गळून पडला. विमानातला एकच जण वाचला. लॉर्ड यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांनी जीव देऊन टाकलेली रसद बहुतांशी शत्रूच्या हाती पडली.

पोलिश ग्लायडर चालू लढाईच्या मधोमध उतरले. पोलिश छत्रीसैनिक मात्र इंग्लंडमध्ये धुक्याने अडकले होते. त्या दिवशी आणि दुसऱ्याही दिवशी.

बुधवार, २० सप्टेंबर, दुपारी ३ : वाल नदी

नायमेगेनचा पूल दोन्ही टोकांनी घ्यायचा, तर नदी ओलांडणे भाग होते. होड्या ट्रकांच्या रांगेत अडकून उशिरा आल्या : २६, कापडी बाजूंच्या. मेजर ज्युलियन कुक यांची अमेरिकन माणसे भर दिवसा वाल नदीत उतरली. वल्ही कमी पडली तिथे त्यांनी बंदुकीच्या दस्त्यांनी पाणी कापले. पलीकडे पोहोचून जेमतेम निम्म्या होड्या दुसऱ्या फेरीसाठी परतल्या. संध्याकाळी पूल हाती आला आणि ब्रिटिश रणगाडे पलीकडे गेले. आर्नहेम आता १८ किलोमीटरवर होते.

आणि रणगाडे थांबले. पलीकडे गेलेले रणगाडे मोजकेच होते, दारूगोळा कमी होता, सोबत पायदळ नव्हते, पुढचा रस्ता बांधावरून उघडा जाणारा, आणि अंधार. ब्रिटिशांची ही कारणे खोटी नव्हती. पण ज्यांच्या सोबत्यांची प्रेते अजून नदीत होती, त्या अमेरिकनांना ती पटली नाहीत. त्यांचे अधिकारी रणगाड्यांपाशी उभे राहून संतापाने ओरडत होते. हा संताप त्यांच्यातल्या कित्येकांनी म्हातारपणापर्यंत बाळगला.

त्याच संध्याकाळी आर्नहेमच्या पुलाशी जखमी फ्रॉस्ट तळघरात पडून होते. वरची इमारत पेटली. तात्पुरता तह झाला आणि दोनशेहून अधिक जखमींना जर्मन सैनिकांनी ब्रिटिशांसोबत हातोहात बाहेर काढले.

गुरुवार, २१ सप्टेंबर, पहाटे : पूल गेला

गोळ्या संपल्या. उरलेली माणसे घराघरांत पकडली गेली. अख्ख्या डिव्हिजनने ४८ तास धरायचा पूल ७४० माणसांनी सुमारे ८० तास धरला होता. दुपारपर्यंत जर्मन रणगाडे त्याच पुलावरून दक्षिणेला उतरले आणि नायमेगेनहून निघालेल्या रणगाड्यांची वाट त्यांनी अडवली.

संध्याकाळी ५ च्या सुमारास सोसाबोव्स्की अखेर नदीच्या दक्षिण तीरावरच्या द्रील गावापाशी उतरले. खराब हवामानामुळे त्यांची काही विमाने परत फिरली होती. सोबत सुमारे १,००० माणसे होती. पलीकडे ऊस्टरबेकमध्ये वेढल्या गेलेल्या ब्रिटिश डिव्हिजनकडे नेणारी नौका हातची गेलेली, आणि एकही होडी नाही. पुढच्या रात्रींत रबरी होड्यांतून आधी पन्नासएक आणि नंतर दीडशेच्या वर माणसे त्यांनी पलीकडे पोहोचवली.

रविवार, २४ सप्टेंबर : वालबुर्गची बैठक

हॉरॉक्स आणि मेजर जनरल थॉमस यांनी नदी ओलांडण्याचा नवा बेत सांगितला : एक ब्रिटिश बटालियन आणि एक पोलिश, ब्रिटिशांच्या हुकमाखाली. स्वतःच्या बटालियनचे काय होणार, हे सोसाबोव्स्कींना इतरांसमोर सुनावण्यात आले. त्यांनी पुन्हा आक्षेप घेतला : एवढ्या थोड्या माणसांनी, शत्रूच्या ऐन तोंडावर जाऊ नका, जायचे तर पूर्ण ताकदीने, दुसऱ्या जागेवरून जा. त्यांना गप्प बसवले गेले. त्या रात्री डॉर्सेट रेजिमेंटची सुमारे ३०० माणसे पलीकडे गेली. त्यांतली बहुतेक कैद झाली.

सोमवार, २५ सप्टेंबर, रात्री १० : माघार

मुसळधार पावसात, बुटांना कापडाच्या पट्ट्या बांधून, एकमेकांच्या कपड्यांना धरून माणसे नदीकडे सरकली. कॅनडाच्या आणि ब्रिटनच्या इंजिनिअरांनी पहाटेपर्यंत होड्या चालवल्या. मागे राहून आडोसा धरणाऱ्यांत पोलिश सैनिक होते.

नंतरचे महिने : ठपका

१७ ऑक्टोबरला मॉन्टगोमेरींनी लंडनला लिहिले की पोलिश ब्रिगेड फार वाईट लढली. नोव्हेंबरमध्ये ब्राउनिंग यांनी सोसाबोव्स्कींना काढण्याची शिफारस केली. डिसेंबरमध्ये त्यांची ब्रिगेड काढून घेतली गेली. ब्राउनिंग माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडचे चीफ ऑफ स्टाफ झाले. मॉन्टगोमेरी ही मोहीम ९० टक्के यशस्वी झाल्याचे सांगत राहिले.

राहिलेल्या दहा टक्क्यांत आर्नहेमही होते. जर्मनांनी तिथल्या सुमारे १ लाख रहिवाशांना घराबाहेर काढले. दोस्तांना साथ म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप केला होता. जर्मनांनी त्याचा सूड अन्नधान्य अडवून घेतला. त्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये सुमारे २०,००० माणसे मेली. आर्नहेम मुक्त व्हायला एप्रिल १९४५ उजाडला.

सोसाबोव्स्की मायदेशी परतू शकले नाहीत. वॉर्साच्या उठावात त्यांच्या मुलाची दृष्टी गेली. ते स्वतः लंडनच्या एका कारखान्यात मजुरी करत राहिले आणि २५ सप्टेंबर १९६७ रोजी वारले. माघारीच्या रात्रीला त्या दिवशी २३ वर्षे पूर्ण झाली होती. २००६ मध्ये नेदरलँड्सच्या राणी बेआट्रिक्स यांनी त्यांच्या ब्रिगेडला देशाचा सर्वोच्च लष्करी सन्मान दिला आणि त्यांना मरणोत्तर ब्राँझ लायन. त्याच वर्षी द्रीलमध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले. त्यासाठी पैसे जमवणाऱ्यांत आर्नहेमला लढलेले ब्रिटिश सैनिक होते.

माझ्या मते निकाल स्पष्ट आहे. आर्नहेमचा पूल २१ सप्टेंबरला पडला, पण त्याआधीच्या आठवड्यात तो वाचवण्याच्या संधी एकामागून एक आल्या होत्या. पोलिश जनरलचा प्रश्न, तरुण मेजरची छायाचित्रे, बेडेल स्मिथ यांची भेट, डच भूमिगतांची खबर : चारही वेळा बोलणारा बरोबर होता आणि चारही वेळा त्याला बाजूला सारले गेले. नंतर दोष टाकला गेला तो युतीतल्या सगळ्यात दुबळ्या भागीदारावर, ज्याच्या पाठीशी उभे राहायला स्वतःचा देशही उरला नव्हता. मार्केट गार्डनविषयी पुढे कधी वाचाल, तेव्हा मॉन्टगोमेरींच्या नावासोबत सोसाबोव्स्कींचे नाव जरूर शोधा. जिथे ते सापडणार नाही, तिथे तुम्हाला अर्धीच हकीकत सांगितली गेली आहे, असे समजा.